नऊ नखं आणि एक बोट

वलगाव
६ जुलै २०२५

प्रिय लुबना,

"आधी कागदावर लिहून धाड, मंग बोलू," असं म्हणून तू फोन ठेवलास. पार्लरात एक टेबल मिळालं म्हणजे तू काय कलेक्टर झालीस का? पोस्टातल्या बाईंनी पाकीट देताना विचारलं, "नोकरीचा अर्ज हाये का वं?" मैत्रिणीला पत्र आहे म्हटल्यावर त्यांनी असं पाहिलं की मीच ओशाळले.

तर लिहिते. गुरुवारी अमरावतीच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत माझा नमुना पाठ झाला. समोर सहा मुलं, मागे खुर्चीवर मुख्याध्यापिका मॅडम आणि देवीदास सर. सर स्वतः ऐकू शकत नाहीत, वीस वर्षं त्या शाळेत शिकवतात, आणि कोणाला घ्यायचं ते शेवटी तेच ठरवतात. मी मुलांना नावांची अक्षरं शिकवत होते. इंग्रजी अक्षरांमधले ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर आम्ही डाव्या हाताच्या पाच बोटांच्या टोकांवर दाखवतो. अंगठ्याच्या टोकाला उजवी तर्जनी लावली की ए, पुढच्या बोटाला लावली की ई, असं करंगळीपर्यंत. म्हणजे सगळ्यांची नजर बोटांच्या टोकांवर. आणि माझी टोकं कशी आहेत ते तुला दुसरीपासून माहीत आहे. खाऊन खाऊन नखं अर्धी, कडेचं मांस वर आलेलं, दोन ठिकाणी रक्त.

मी बोटं आत घ्यायला लागले. मुद्दाम नाही, आपोआप. पाठ संपल्यावर सरांनी वहीत लिहून दिलं, "भाषा येते. हात उघडत नाहीत. मला मुठी दिसल्या."

लुबना, तुम्ही वलगावात आमच्या शेजारी होतात तेव्हा तुमच्या ओसरीवर अरीबशी हातवारे करत मी वाढले. ऐकू न येणाऱ्या तुझ्या भावानं मला पहिली खूण शिकवली, मग मी दीड वर्ष रीतसर कोर्स केला, आणि नोकरी अडली ती नखांपाशी! सरांनी अजून एक संधी दिली आहे, २१ ऑगस्टला. नाहीतर ती जागा नागपूरच्या एका मुलीला जाईल.

सवय सोडायला वेळ नाही, झाकायला आहे. ते तीन आठवडे टिकणारं जेल पॉलिश माझ्या नखांवर चढव. लाल, गुलाबी, काहीही चालेल. पुढच्या रविवारी मी अकोल्याला येते. आयशाचाचीला सांग, जेवायलाच येईन.

तुझी,
गीता


अकोला
१० जुलै

गीते,

सलाम. जेवायला ये. नखं करायला येऊ नकोस.

रागावण्याआधी पुढचं वाच. जेलचा पातळ द्राव उघड्या जखमेवर गेला की आग होते, आणि कोणाकोणाला त्याची अशी ॲलर्जी बसते की जन्मभर जात नाही. पातळ झालेल्या नखावर जेल सुकवायचा लॅम्प लावला की चटका बसतो. शिवाय तुझ्या बोटांचं मांस नखाच्या वर चढलंय. जेल मांसाला टेकला की तिथून सुटतो, आत पाणी शिरतं, आणि मग जे होतं ते मी एका नवरीच्या अंगठ्यावर पाहिलंय. मी तिला नाही म्हटलं होतं. ती दुसरीकडे गेली आणि हळदीच्या दिवशी हिरवं नख घेऊन माझ्याकडे परत आली.

म्हणून कातडी बरी होईपर्यंत मी ब्रश उचलणार नाही. एकवीस ऑगस्टला सहा आठवडे आहेत, तेवढे पुरतात. रोज रात्री कोमट पाण्यात बोटं बुडव, नखाच्या मुळाशी बदामाचं तेल चोळ. कडेचं सोललेलं कातडं ओढायचं नाही, कात्रीनं कापायचं.

आणि पत्र का मागितलं ते ऐक. फोन तुझ्या एका हातात असतो तेव्हा दुसरा हात तोंडात असतो. व्हिडिओवर मी पाहते ना! पत्र लिहिताना एका हातात पेन, दुसऱ्या हातानं कागद धरलेला. तेवढा वेळ तरी बोटं वाचतात. म्हणून खावंसं वाटलं की लिहायला बस. दर पत्रात दोन्ही पंजे कागदावर ठेवून पेन्सिलनं काढ, नख जिथे संपतं तिथे रेघ मार. फोटो नको, फोटोत तू अंधार करशील. रेघेवरून मला कळेल.

प्रणालीताई, म्हणजे आमची पार्लरवाली, म्हणाली, "काहून वं, मैत्रिणीलेबी नाही म्हणून राहिली?" मी म्हटलं, मैत्रीण आहे म्हणूनच.

तुझी,
लुबना


वलगाव
१६ जुलै

प्रिय हुकूमशहा,

सोबत पंजे. डाव्या हाताची तीन बोटं बरी आहेत, रक्त कुठेच नाही. उजवी तर्जनी सगळ्यांत वाईट, कारण विचार करताना तीच आधी तोंडात जाते.

आईच्या सांगण्यावरून कडुलिंबाचा पाला वाटून नखांना लावला. चार दिवस थू थू केलं. पाचव्या दिवशी मला ती चव आवडायला लागली. बाबा म्हणाले, "हे पोरगी निंबालेबी सोडत नाही!" आता त्यांनी मला सकाळी झेंडूच्या तोड्याला लावलंय आणि दुपारी हार ओवायला. फुलांत हात गुंतला की तोंडाकडे जात नाही हे खरं आहे. पण संध्याकाळी फुलं संपतात आणि मी उरते.

आठवड्यातून दोन दिवस शाळेत मदतीला जाते. मॅडमनी परवानगी दिली आहे. तिथे मात्र अजून मुठीच. काल एका मुलानं माझी मूठ धरून उघडायला पाहिली. त्याला वाटलं आत चॉकलेट आहे.

अजून महिनाभर असंच राहायचं म्हटलं की जीव जातो. अमरावतीत एक नवीन दुकान झालंय नखांचं. काचेतून पाहिलं, बाई हात ठेवते आणि तासाभरात दहा लांब नखं घेऊन उठते. नुसतं सांगितलं. तू मात्र स्वतःची नखं कोरी ठेवून लोकांना उपदेश करतेस, हे मला कळत नाही. सोन्याच्या दुकानात मालकाच्या गळ्यात दोरा!

पण मी करून दाखवणार आहे. ते तू लिहून ठेव.

गीता


अकोला
२० जुलै

गीते,

पंजे पाहिले. डावा हात शाबास. उजवीची रेघ तू दोनदा खोडून वर सरकवली आहेस, ते कागदावर दिसतं.

माझी नखं कोरी का, ते तू इतक्या वर्षांत विचारलं नव्हतंस. नमाजेआधी वजू करताना पाणी नखाला लागावं लागतं. साधं पॉलिश पुसता येतं, हे तीन आठवडे बसून राहतं, म्हणून मी लावत नाही. सुरुवातीला गिऱ्हाइकं म्हणायची, "तुह्याच हाताले नाही तं आमच्या हाताले काय लावशीन?" मी हात ओढणीखाली घ्यायची. सहा महिने असंच काम केलं. मग एक दिवस लाजायचा कंटाळा आला. ओढणीखालच्या हातानं ब्रश सरळ चालत नाही हेही कळलं होतं. आता दोन्ही हात टेबलावर ठेवते, ज्याला पटेल तो बसतो.

त्या दुकानात जाऊ नकोस. वाईट आहे म्हणून नाही, तिथली मुलगी चांगलीही असेल. पण ती तुला ओळखत नाही, आणि तू तिला खरं सांगणार नाहीस. अजून चार आठवडे. चौदा वर्षं खाल्लेलं चार आठवड्यांत भरून येतंय, हे स्वस्तात सुटणं आहे.

अरीब विचारत होता तू कधी येणार. म्हणजे मला तसं वाटलं. त्याचं सगळं मला समजतंच असं नाही.

लुबना


वलगाव
२७ जुलै

प्रिय लुबना,

सोबत पंजे. बघ प्रगती! आता तू काय म्हणशील ते म्हण. घाईत आहे, बाबांच्या फुलांची गाडी निघते आहे.

गीता


अकोला
३० जुलै

गीतांजली,

नख महिन्याला तीन मिलिमीटर वाढतं. फार झालं तर साडेतीन. तुझ्या कागदावर दहाच्या दहा नखं बोटाच्या बाहेर सेंटीमीटरभर आली आहेत, सगळी एका मापाची, टोकं गोल. अकरा दिवसांत. किसनकाकांनी झेंडूबरोबर तुझ्या बोटांनाही खत घातलं का?

मी रोज हेच काम करते. मला पेन्सिलच्या रेघेतून फसवायला निघालीस?

तर्जनीवर अजून कच्चं होतं, तुझ्याच मागच्या कागदावर होतं. त्यावर प्लॅस्टिक चिकटवून आलीस. खोटं बोललीस त्याचा राग नाही, राग याचा आहे की मी लिहिलेलं एक अक्षर तू ऐकलं नाहीस. तू माझ्याकडे नखं मागायला आली होतीस की हो म्हणणारं माणूस? हो म्हणणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे जा.

लुबना


अकोला
८ ऑगस्ट

गीते,

नऊ दिवस झाले. फोनही उचलत नाहीस. मागचं पत्र फार तिखट झालं, मला माहीत आहे. अम्मीला, म्हणजे तुझ्या आयशाचाचीला, वाचून दाखवलं तर म्हणाली, "हे असं लिहितात का गं?" तिनं दोन दिवस माझ्याशी नीट बोलणं टाकलं.

शब्द मागे घेत नाही, कारण ते खरे होते. पण शेवटची ओळ मी रागात लिहिली. तू कोणाकडे जाऊ नकोस. माझ्याकडे ये. रुसली असशील तर रुसलेलीच ये.

लुबना


वलगाव
१० ऑगस्ट

लुबना,

अक्षर बघून हसू नकोस, डाव्या हातानं लिहिते आहे. मी रुसले नव्हते. लिहायला हातच नव्हता, आणि तोंड तर त्याहून नव्हतं.

हो, गेले होते त्या दुकानात. त्या मुलीनं विचारलं, "बोटाले काही झालं हाये का?" मी म्हटलं, भाजी चिरताना लागलं. बिचारीनं विश्वास ठेवला. लांब, गुलाबी, चमकी घातलेली नखं करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत मिरवत गेले. पहिल्यांदाच मुलांसमोर दोन्ही हात उघडले. खिडकीतून ऊन आलं आणि चमकीचे ठिपके भिंतीवर नाचायला लागले. सहाही मुलं भिंतीकडे वळून बसली. एक जण ठिपका पकडायला उठला. ए दाखवायला गेले तर बोटाच्या आधी नखच टेकायचं, टोकाला टोक लागेना. देवीदास सर दारातून बघत होते. तसेच निघून गेले.

मी बसमध्ये बसले आणि दातांनी उचकटायला लागले. शाळेपासून वलगावच्या थांब्यापर्यंत दहाच्या दहा. शेजारची बाई म्हणाली, "माय, काय खाऊन राहिली वं तू?" जेलबरोबर माझ्या नखांचे पापुद्रे निघाले. बाकीची नखं नुसती कागदासारखी पातळ झाली, पण उजव्या तर्जनीला नखुरडं झालं. रात्रभर ठणका, बोट वांग्याएवढं. बुधवारी डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला. गोळ्या चालू आहेत.

बाबा म्हणाले, "जाऊ दे ना, आपल्याले फुलं हायेत." ते मायेनंच म्हणाले. पण मला चीड आली, लुबना. माझं दीड वर्ष, अरीबच्या ओसरीवरची सगळी वर्षं, आणि हे म्हणजे जाऊ दे? मी जाऊ देणार नाही. बोट कापून ठेवावं लागलं तरी २१ तारखेला मी त्या वर्गात उभी राहणार.

अकरा दिवस उरलेत. आता तू सांगशील ते सगळं ऐकते. एकदाच, खरंच.

तुझी मूर्ख,
गीता


अकोला
१३ ऑगस्ट

गीते,

रविवारी सकाळच्या बसनं ये. तोवर तेल, कोमट पाणी, गोळ्या पूर्ण. बोटं ओल्या कामात घालू नकोस.

तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग बस आणि शेजारच्या बाईपाशी आल्यावर हसले. मग विचार करत बसले. अब्बांनी काल एका शेरवानीला रफू केलं. गिऱ्हाईक उजेडात कापड धरून भोक कुठे होतं ते शोधत राहिलं आणि सापडलं नाही म्हणून खूश होऊन गेलं. मी पाच वर्षं लोकांनी बघावीत अशी नखं करते. तुला उलटं पाहिजे. मुलांनी बोटाकडे बघावं आणि नख दिसूच नये. तर तुझ्या कातडीच्या रंगाचा जेल, तीन अगदी पातळ हात, वरचा थर बिनचमकीचा. नखं बोटाच्या टोकापर्यंतच, पुढे काही नाही.

तर्जनीचं बघून ठरवीन. आत्तापासून कबूल करत नाही.

लुबना


वलगाव
१८ ऑगस्ट

लुबना,

जेवण न करता निघाले त्याबद्दल चाचीची माफी मागते. तुझी मागत नाही.

नऊ नखं तू सोन्यासारखी केलीस, ते मान्य. दोन तास खाली मान घालून बसलीस. नखं घासायची फाइल फुंकर घातल्यासारखी चालवलीस, जेल कातडीपासून केसभर लांब ठेवलास, पातळ नखांना चटका बसू नये म्हणून दर पाच सेकंदांनी माझा हात लॅम्पमधून बाहेर काढायला लावलास. समोर अरीब बसून बघत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातांना हात समजले.

आणि मग दहावं बोट आलं तेव्हा तू ब्रश धुऊन ठेवलास. "नाही." बस, एक शब्द. मी हात जोडले, लुबना. सांगितलं की उजवी तर्जनी म्हणजे माझी फळ्यावर दाखवायची काठी आहे, पाचही स्वर त्या बोटानं दाखवायचे असतात, ते सगळ्यांत पुढे असतं. तू म्हणालीस, "तुही नोकरी गेली तं जाऊ दे, बोट जाऊ देनार नाही." असं कसं म्हणवलं तुला? नोकरी तुझी नाही म्हणून?

सूज उतरली आहे. वरून एक पातळ हात दिला असतास तर काय बिघडलं असतं?

आता नऊ सुंदर नखांमध्ये ते एक काळंनिळं, सोललेलं बोट आणखीच उठून दिसतं. याच्यापेक्षा दहाही वाईट होती ती बरी होती.

गीता


अकोला
१९ ऑगस्ट

गीते,

हे पत्र बहुतेक गुरुवारनंतरच पोचेल. तरी लिहिते, नाहीतर झोप येणार नाही.

सूज उतरली आहे, आतून बरं झालेलं नाही. त्यावर थर दिला की ओल आत कोंडते, आणि या वेळी नख मुळापासून गेलं असतं. मग ते बोट कायमचं वाकडं राहिलं असतं, आणि ते बोट तुझी भाषा आहे. म्हणून नाही म्हटलं. पुन्हा आलीस तर पुन्हा म्हणेन.

नोकरी माझी नाही हे खरं. पण तुझी नोकरी माझ्या एका नाहीमुळे गेली तर मी तुला तोंड दाखवू शकणार नाही, हे मला रविवारीही कळत होतं.

लुबना


वलगाव
२३ ऑगस्ट

प्रिय लुबना,

तुझं पत्र काल आलं. आता माझं वाच, सावकाश वाच.

बुधवारी रात्री मी तर्जनीला चिकटपट्टी गुंडाळून पाहिली. पांढरी पट्टी आणखीच डोळ्यांत भरत होती. काढून टाकली. मग आरशासमोर उभी राहून ठरवलं की मूठ करायची नाही. वाटेल ते होवो, हात उघडे. बाबांनी सकाळी स्वतः गाडीवरून शाळेत सोडलं. गेटपाशी म्हणाले, "जाय. भेऊ नोको."

तीच सहा मुलं, मागे मॅडम आणि सर. पुन्हा नावांचाच पाठ. पहिली दोन मिनिटं माझी बोटं आत वळायला लागली, मला स्पष्ट जाणवलं. मी पाठ थांबवला. दोन्ही हात खाली सोडले, झटकले, पुन्हा वर आणले. मॅडमनी मागे काहीतरी लिहिलं. लिहू दे म्हटलं.

पुढच्या बाकावर खुशी नावाची एक मुलगी आहे, सात वर्षांची. तिच्या नावात यू येतो, म्हणजे डाव्या हाताची करंगळी. मी माझी ती बिचारी तर्जनी पुढे केली, करंगळीच्या टोकाला टेकवली आणि मुलांकडे पाहिलं. सहाही जण करंगळीकडे बघत होते. मग आय, मधलं बोट. सगळे मधल्या बोटाकडे. मी पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. लुबना, इतकी वर्षं मला वाटत होतं की जग त्या बोटाकडे बघत असतं. अगं, दाखवणाऱ्या बोटाकडे कोण बघतं? ते जिथे दाखवतं तिथे बघतात! आणि तिथे तुझ्या नऊ नखांतली पाच होती, ज्यांच्यात बघण्यासारखं काही नव्हतं. टोक दिसत होतं, अक्षर दिसत होतं.

मग मी कशी सुटले ते माझं मलाच माहीत नाही. खुशीनं नाव केलं, तिच्यामागून बाकीच्यांनी. त्या चॉकलेटवाल्यानं माझं नाव कर म्हणून हट्ट धरला. घंटीचा दिवा लागला तेव्हा कळलं की वेळ संपली.

पाठानंतर सही घ्यायला देवीदास सर कागद घेऊन आले. मी पेन धरला तेव्हा त्यांचं लक्ष तर्जनीवर गेलं. त्यांनी खुणेनं विचारलं, बोटाला काय झालं? पूर्वी मी हात पाठीमागे नेला असता. मी तिथेच, मॅडमसमोर, दोन्ही हातांनी सांगितलं, मी खाल्लं. सर खांदे हलवून इतके हसले की मॅडमही हसल्या. मग त्यांनी विचारलं, मी अर्धा तास तुझे हात बघत होतो, मला हे दिसलं कसं नाही?

मी डोळे पुसले आणि सही केली.

कागदावर त्यांनी लिहिलंय, "हात उघडले." आणि त्याखाली, "१ सप्टेंबरपासून रुजू." मला नोकरी लागली, लुबना!

बसमध्ये आनंदानं अंगठा तोंडात गेला. दाताला तुझा जेल लागला, कडक, गारगोटीसारखा. काढला बाहेर. हे असं रोज होईल, मला माहीत आहे, आणि मी रोज काढीन. जेल उतरायची वेळ झाली की मी तुझ्याकडेच येईन, दातांकडे नाही.

आणि त्या दिवशी हो म्हणाली नाहीस त्याबद्दल, कागदावर, पेननं, दोन्ही हात गुंतवून लिहिते: बरं केलंस.

तुझीच,
गीता


अकोला
२६ ऑगस्ट

माझी गीते,

मुबारक. दुपारी पोस्टमन आला तेव्हा माझ्यासमोर गिऱ्हाईक बसलं होतं. मी तिचा हात लॅम्पमध्ये ठेवून पत्र फोडलं आणि वाचता वाचता रडले. ती घाबरली, तिला वाटलं तिच्या नखाचं काही बिघडलं. प्रणालीताईनं सगळ्या पार्लरला चहा पाजला. घरी अम्मीचं शेजारीपाजारी सांगून झालं, अब्बा चष्मा पुसत बसले.

राहिला अरीब. त्याला सांगायला मी ओसरीवर बसले. पास झाली, हे सांगता आलं. नोकरी, हेही आलं. पण सरांनी काय विचारलं, तू काय उत्तर दिलंस, मुलं कुठे बघत होती, त्यातलं मला काहीच सांगता येईना. आमच्या घरात शेपन्नास खुणा आहेत, खाणं, पाणी, दुकान, ताप, अब्बा आले. चोवीस वर्षं आम्ही त्यावर चालवलं. तो पुढचं विचारत होता, अजून, अजून, आणि मी हात मांडीवर ठेवून बसले. तुझ्या मुठींना दोन महिने शिव्या दिल्या मी. माझ्या भावापुढे माझे हात तर कधी उघडलेच नाहीत. मला लाज वाटली, गीते, खूप वाटली.

म्हणून रविवारी ये, आणि दर रविवारी ये. सोमवारपासून तू शाळेच्या मुलांची, रविवारी आमची. मी आणि अरीब दोघंही बसणार, अम्मीही बसते म्हणते. पहिल्यापासून शिकव, ए पासून. मी मठ्ठ आहे, पण सोडणार नाही.

शेवटी मी तुझं पत्रच अरीबच्या हातात दिलं. त्याला थोडं वाचता येतं. ओळीवर बोट ठेवून तो तासभर वाचत बसला. आमच्या घरात तुझं नाव काय आहे ते तुला ठाऊकच आहे, तोंडात बोट. तू सात वर्षांची असताना त्यानंच ठेवलेलं. पत्र वाचून झाल्यावर त्यानं मला हलवलं. तोंडात बोट घातलं, म्हणजे तू. मग ते बोट बाहेर काढलं, माझ्यासमोर पूर्ण पंजा उघडला आणि तसाच धरून ठेवला, मला कळेपर्यंत. मी तसंच करून दाखवलं तेव्हा त्यानं मान हलवली.

आता तुझं नाव ते आहे. संध्याकाळी अम्मीनं चुकून जुनं नाव केलं, तर त्यानं तिचा हात धरून दुरुस्त केलं.

तुझी,
लुबना